खड्ड्याच्या काठावरचे शत्रू: दर वेळी त्याच जागी लाइफ का जाते आणि त्यावर काय करायचं

तक्रार अशी असते. उडी नीट मारलेली असते, पलीकडचा कडा पायाखाली आलाच म्हणून समजा, तेवढ्यात समोरून पक्षी येतो, टक्कर होते आणि हिरो उलटा फेकला जाऊन थेट खड्ड्यात. लाइफ गेली. पुन्हा मागून सुरुवात, पुन्हा तीच जागा, पुन्हा तोच पक्षी. 'निंजा गायडन', 'कॅसलव्हेनिया', 'मेगा मॅन' या जुन्या व्हिडिओ गेमपैकी काहीही मन लावून खेळलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: खेळत राहा, टायमिंग बसेल. मला तो पटत नाही. एकाच जागी एकाच पद्धतीने मरत राहिलं की बोटांना तीच पद्धत पाठ होते. आधी आपण नेमके कशाने मरतोय ते शोधायला हवं, आणि ते शोधता येतं.

मुख्य उदाहरण म्हणून 'निंजा गायडन' घेतो. टेक्मो कंपनीने १९८८ मध्ये तो जपानात निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम-मशीनवर आणला आणि पुढच्या वर्षी तो अमेरिकेत एनईएसवर, म्हणजे त्याच मशीनच्या तिकडच्या रूपावर आला. काठावरच्या शत्रूंचा त्रास तिथे इतका उघड आहे की एकदा तिथला हिशेब कळला की बाकीचे गेम वाचता येतात. त्या गेममध्ये काठावरचा शत्रू कधी येणार हे तुम्ही स्क्रीन किती पुढे सरकवली आहे त्यावर ठरतं. त्यामुळे उपाय तलवारीच्या वेगात कमी आणि पाय कुठे ठेवायचा यात जास्त आहे. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

एका टकरीत अख्खी लाइफ कशी जाते

'निंजा गायडन' चा हिरो रिउ हायाबुसा, त्याची ताकद १६ खणांची. मोकळ्या जमिनीवर पक्षी धडकला तर त्यातले थोडे खण जातात आणि खेळ चालू राहतो. तोच पक्षी काठावर धडकला तर सोळाच्या सोळा खण भरलेले असले तरी उपयोग नाही. मार लागताच रिउ मागे उडतो आणि पाय टेकेपर्यंत त्याच्यावर तुमचा ताबा राहत नाही. म्हणजे जीव घेतो तो धक्का. खड्ड्याच्या आधी ताकद भरून घ्यायची धडपड करणारे बरेच जण असतात. या विशिष्ट मरणावर त्याचा काहीच इलाज होत नाही.

आता १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' बघा. तिथे धक्का नाहीच. मोठा मारिओ लहान होतो, थोडा वेळ लुकलुकतो, आणि तेवढ्यात शत्रूमधून आरपार जाता येतं. मारिओत कुणी खड्ड्याजवळ वारंवार मरत असेल तर बहुतेक वेळा धावण्याचा वेग आवरत नसतो, किंवा शत्रूला चुकवताना उडी आखूड पडते. त्याचं औषध वेगळं. म्हणून आपला गेम धक्का देणारा आहे की नाही, हे सगळ्यात आधी ठरवा.

त्यासाठी एक साधी चाचणी आहे. सपाट, खड्डा नसलेली जागा शोधा, एखादा साधा शत्रू येऊ द्या आणि मुद्दाम मार खा. हिरो किती लांब फेकला जातो ते जमिनीवरच्या विटांवरून किंवा फरशांवरून मोजा. हवेत असताना बटण दाबून दिशा बदलते का बघा. मग शत्रूकडे पाठ करून पुन्हा मार खा आणि या वेळी कुठल्या दिशेला ढकलला गेला ते बघा.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे आणि बहुतेक जण ते कधीच तपासत नाहीत. 'मेगा मॅन २' मध्ये शत्रू कुठूनही धडको, मेगा मॅनचं तोंड ज्या दिशेला असेल त्याच्या उलट दिशेलाच तो ढकलला जातो. याचा सरळ फायदा घेता येतो. मागे खड्डा आहे आणि मार चुकणार नाही अशी वेळ आली तर खड्ड्याकडे तोंड करा. धक्का तुम्हाला खड्ड्यापासून लांब नेईल. खड्डा ओलांडताना हवेत मार लागणारच असेल तर क्षणभर उलटं वळा. धक्क्याने तुम्ही पुढे, पलीकडच्या कड्याकडे जाल. कमीत कमी वेळात गेम संपवायची शर्यत लावणारे खेळाडू हे मुद्दाम करतात. काही गेममध्ये मात्र धक्का शत्रू कुठल्या बाजूला आहे त्यावरून ठरतो आणि तिथे वळून काही होत नाही. म्हणून चाचणी आपल्याच गेममध्ये करायची.

मारलेला शत्रू परत का उभा राहतो

'निंजा गायडन' बद्दल सगळ्यात जास्त संताप याच गोष्टीचा असतो. काठावरच्या शत्रूला मारलं, उडीसाठी जागा घ्यायला एक पाऊल मागे आलो, आणि बघतो तर तो पुन्हा तिथेच. गेम मुद्दाम छळतोय असं वाटतं. खरं तर नियम अगदी ठरलेला आहे.

एनईएसचं चित्र २५६ पिक्सेल रुंद. स्टेजमध्ये प्रत्येक शत्रूची एक जन्मजागा ठरलेली असते. तुम्ही चालत जाता तशी स्क्रीन सरकते आणि ती जागा स्क्रीनच्या कडेला येते, त्या क्षणी शत्रू जन्मतो. तो मेला याची नोंद गेम पुढे ठेवत नाही. एनईएसची कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट होती हे लक्षात घेतलं की असल्या नोंदींना फार जागा नव्हती हेही कळतं. त्यामुळे तीच जन्मजागा स्क्रीनबाहेर गेली आणि पुन्हा आत आली की तोच शत्रू नव्याने हजर. पहिल्या 'सुपर मारिओ' मध्ये स्क्रीन मागे सरकतच नाही, म्हणून मारलेला गुम्बा, म्हणजे तिथला साधा चालणारा शत्रू, परत येण्याचा प्रश्नच येत नाही. 'निंजा गायडन' मध्ये ती दोन्ही दिशांना सरकते. सगळी गोम तिथे आहे.

आता हे आणि धक्का एकत्र करून बघा. तुम्ही काठावर उभे, समोरचा शत्रू मारला, तेवढ्यात पक्ष्याने टक्कर दिली. धक्क्याने तुम्ही मागे आलात, म्हणजे स्क्रीनही मागे सरकली. मघाशी मारलेल्या शत्रूची जन्मजागा बाहेर गेली. तुम्ही पुन्हा पुढे आलात, तो पुन्हा जन्मला, आणि सोबत पक्षीही नवा. लोक याला गेमची दादागिरी म्हणतात. मला इथे गेमचा राग कमी येतो, कारण या चक्राला सुरुवात करून देणारी गोष्ट, म्हणजे मागे सरकलेली स्क्रीन, बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.

एक खड्डा, पाऊल न पाऊल

समजा समोर खड्डा आहे, पलीकडे अरुंद कडा, त्या कड्यावर तलवारवाला शत्रू आणि वरून येणारा पक्षी. गेमच्या सहाव्या अंकातला ६-२ हा टप्पा असल्या जागांसाठीच बदनाम आहे.

आधी खड्ड्यापासून बरंच लांब थांबा आणि एकेक पाऊल टाकत पुढे चला. कड्याकडे बघू नका, स्क्रीनच्या उजव्या कडेकडे बघा. पहिला शत्रू दिसला की तिथेच थांबा आणि रिउ नेमका कुठे उभा आहे ते पायाखालच्या जमिनीवरून लक्षात ठेवा: कुठली फट, कुठला दगड, पार्श्वभूमीतला कुठला खांब. ही तुमची पहिली रेघ. आणखी पुढे गेल्यावर पक्षी जिथे उभं असताना आला ती दुसरी रेघ. या फेरीत लाइफ गेली तरी चालेल. 'निंजा गायडन' मध्ये कंटिन्यू हवे तितके मिळतात. लाइफ वाचवायच्या नादात लोक घाईघाईने उडी मारतात आणि रेघा कुठे आहेत हे कधीच बघत नाहीत.

पुढच्या फेरीत पहिल्या रेघेपर्यंत या. शत्रू जन्मला. आता तो तुमच्याकडे येतो का जागेवरच फिरतो ते बघायचं. येणारा असेल तर त्याला येऊ द्या, अनेकदा तो स्वतःच खड्ड्यात जातो किंवा अलीकडे आल्यावर सपाट जमिनीवर निवांत मारता येतो. हे सगळं करताना एक नियम: रेघेच्या मागे जायचं नाही. अर्धं पाऊलही नाही. उडीसाठी धावायला जागा हवी असं वाटतं, पण रिउला धाव घ्यायची गरज नसते. मारिओमुळे लागलेली ती सवय आहे.

दुसऱ्या रेघेवर पक्ष्याचा प्रश्न येतो. पक्षी एका घावात मरतो. अडचण एवढीच की तो तुम्हाला ओलांडून पुढे जातो आणि मागून वळून परत येतो, आणि पहिला घाव हुकला की त्याच्यामागे तोंड फिरवत बसावं लागतं. म्हणून दुसरी रेघ हवेत ओलांडू नका. जमिनीवर, काठापासून निदान धक्क्याच्या अंतराइतकं लांब असताना ती ओलांडा. पक्षी आत आला की जागेवरच उभं राहून त्याच्या उंचीप्रमाणे उभ्याने किंवा बसून वार करा. हुकला, टक्कर झाली, तरी मागे सपाट जमीन आहे. थोडे खण जातील, लाइफ राहील. पक्षी मेला की मगच उडी.

प्रत्येक ठिकाणी हे शक्य होत नाही. काही जागी दुसरी रेघ खड्ड्याच्या वरच येते, म्हणजे तुम्ही हवेत असतानाच शत्रू जन्मणार. तिथे वार उडीतच करावा लागतो. जमिनीवर तलवार चालवली की रिउ थांबतो, हवेत मात्र वार करतानाही तो पुढे जात राहतो, आणि हाच फरक उपयोगी पडतो. काठावरून उडी मारा आणि रेघ ओलांडायच्या क्षणी वाराचं बटण दाबा. शत्रू दिसल्यावर दाबलं तर उशीर होतो. आता तो कधी येणार हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे बघून वार करायची गरजच उरत नाही.

आणि उडी आखूड पडली किंवा मध्येच बेत बदलावासा वाटला, तर पलीकडच्या कड्याखाली भिंत आहे का बघा. रिउ भिंतीला चिकटतो, तिथून उलट दिशेला उडी मारून अलीकडे परतता येतं. खड्डा म्हणजे मरणच असं धरून लोक बटणं सोडून देतात.

हत्यार कुठलं नेताय

सहाव्या अंकात यावर बरंच अवलंबून असतं. परत येणारी मोठी चक्री फिरत राहते आणि जाता-येता कापते, त्यामुळे काठावरच्या शत्रूवर अलीकडूनच काम होतं. वर आणि वाराचं बटण एकत्र दाबून ती सोडायची. दोन गोष्टी सांभाळा. नवीन हत्यार उचललं की जुनं जातं, म्हणून खड्ड्याच्या तोंडाशी टांगलेली प्रत्येक वस्तू फोडायची गरज नाही; आत काय आहे हे एकदा कळलं की नको असलेली तशीच सोडा. दुसरं, उडीत फिरणाऱ्या तलवारीचं हत्यार जवळ असेल तर हवेतला वार त्याच शक्तीवर चालतो आणि शक्ती भराभर संपते. बॉसपुढे, म्हणजे शेवटच्या मोठ्या शत्रूपुढे, ते फार कामाचं आहे, म्हणून खड्ड्यांवर ते उधळायचं की जपायचं हे आधीच ठरवा.

'कॅसलव्हेनिया' मध्ये प्रश्न जरा निराळा

१९८६ च्या 'कॅसलव्हेनिया' मध्ये धक्का आहेच, वर तिथला हिरो सायमन बेलमाँट याने एकदा उडी मारली की ती बदलता येत नाही. हवेत मागे फिरणं नाही, लांबी कमी-जास्त करणं नाही. म्हणजे काठावर बटण दाबलं त्याच क्षणी निकाल लागलेला असतो. पहिल्याच टप्प्यातल्या तळघरात पाण्यातून मासेमाणसं उसळतात आणि धक्क्याने सायमन पाण्यात जातो. नवख्यांच्या बऱ्याच लाइफ तिथे जातात. तिथे पाण्याच्या काठावर थांबू नका, चौथऱ्याच्या मधोमध थांबा. मासेमाणूस जमिनीवर उतरू द्या, मग चाबूक.

मेडुसाची मुंडकी हा यातला सगळ्यात चिवट प्रकार. ती वरखाली लाटेसारखी जातात आणि संपतच नाहीत, मारली की दुसरी येतात. त्यामुळे आधी सगळी मारून मग उडी, हा 'निंजा गायडन' चा उपाय इथे चालत नाही. इथे लाट वाचायची. प्रत्येक मुंडक्याची लाट ठरलेली असते. ते वर चढत असताना तुम्ही खालून निघायचं, किंवा खाली उतरत असताना त्याच्यावरून. चाबूक लगेच लागत नाही, तो मागून पुढे यायला वेळ घेतो, म्हणून मुंडकं जवळ आल्यावर मारलेला चाबूक बहुधा हुकतो. हत्यार म्हणून मिळणारं घड्याळ गोळा केलेल्या पाच बदामांत सगळ्यांना गोठवतं आणि मेडुसाच्या मुंडक्यांवर ते चालतं. बरेच जण घड्याळाला कुचकामी समजून टाळतात, कारण मोठ्या बॉसवर त्याचा भरवसा नसतो. खड्ड्यांच्या पट्ट्यात मात्र मी कुऱ्हाड सोडून घड्याळ घेईन.

आणखी एक: जिन्यावर असताना मार लागला तर सायमन उडून पडत नाही, फक्त ताकद कमी होते. जिना आणि खड्डा शेजारी असतील तर वाट बघायची ती जिन्यावर.

सगळं बरोबर करूनही उशीरच होतोय

रेघा पाठ, वार ठरलेला, तरी बटण दाबल्यावर तलवार उशिरा निघते असं वाटत असेल तर ते खरंही असू शकतं. जुने गेम सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने बनले, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र लगेच उमटायचं. आजचा सपाट टीव्ही चित्रावर बरीच प्रक्रिया करतो आणि ते दाखवायला वेळ घेतो. हा उशीर १०० मिलिसेकंद असेल तर तुम्ही सहा फ्रेम जुनं चित्र बघून खेळताय. मोकळ्या मैदानात हे जाणवत नाही. काठावर जाणवतं, कारण तिथे सहा फ्रेममध्ये पाय काठाबाहेर जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा आणि चालू करा. गुळगुळीत हालचाल दाखवणारी सगळी सेटिंग बंद करा. ब्लूटूथ कंट्रोलर असेल तर एकदा वायर लावून खेळून बघा. शक्य असेल तर दिशांसाठी कंट्रोलरवरच्या काडीऐवजी (जॉयस्टिक) अधिक-चिन्हासारखं बटण वापरा, काडी हलकीशी तिरकी झाली की रिउ भलतंच करतो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॅसेट घालून टीव्हीला जोडायचे गेम ज्यांनी खेळले त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारे. त्यासाठी बनलेल्या मशीनवर गेम त्याच चालीने चालत असेल, तर तुमच्या बोटांना ती चाल पाठ आहे. आज तोच गेम ६० ने चालवला की सगळं एक पंचमांश जलद होतं. लहानपणी जमायचं आणि आता जमत नाही, याचं कारण वय असेलच असं नाही. इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रदेश कुठला निवडलाय ते बघा.

नंतरच्या गेममध्ये

२०१४ च्या 'शॉव्हेल नाइट' ने जुना धक्का जाणूनबुजून ठेवला आणि त्यासोबत उपायही दिले. फेज लॉकेट वापरलं की थोडा वेळ मार लागत नाही. प्रोपेलर डॅगरने हवेत आडवी झेप घेता येते, म्हणजे धक्का बसून मागे फेकलं गेल्यावर वाचायची एक संधी मिळते. धक्का कमी करणारं जड चिलखतही आहे, पण ते घालून थांबताना पाय घसरतो, त्यामुळे अरुंद कड्यांवर ते मला फारसं पटत नाही. फावडं खाली धरून शत्रूवर आपटत उसळी घेता येते, आणि बऱ्याच खड्ड्यांवरचे उडते शत्रू त्यासाठीच ठेवलेले असतात. तिथे शत्रूला टाळायला गेलात तर खड्ड्यात जाल, तोच तुमची पुढची पायरी आहे. मारिओतल्या पंखवाल्या कासवांचंही तसंच.

मारिओतलं एक बारीक निरीक्षण इथेच सांगतो. लाल कासव काठाशी आलं की वळतं, हिरवं सरळ चालत जाऊन खाली पडतं. कड्यावर हिरवं कासव दिसलं तर काही करू नका, थांबा. लाल असेल तर ते तुमच्याकडे पाठ करून निघालं की उडी मारा.

२०१८ च्या 'सेलेस्ट' मध्ये काठ सोडल्यावरही साधारण ०.१ सेकंद उडी मारता येते. हल्लीच्या बऱ्याच गेममध्ये अशी सवलत असते आणि तिची सवय झालेला हात जुन्या गेममध्ये काठ सुटल्यावर बटण दाबतो. जुना गेम खेळताना उडी काठाच्या अर्धं पाऊल आधी मारायची.

स्वतः गेम बनवत असाल तर

शत्रू कड्यावर ठेवायला हरकत नाही. तपासायचं ते हे की उडी मारायचा निर्णय घ्यायच्या आधी खेळणाऱ्याला तो दिसतो का. जन्मरेघ खड्ड्याच्या मधोमध आली तर पहिल्यांदा खेळणारा हमखास मरतो आणि त्यात त्याची काही चूक नसते. धक्क्याचं अंतर कड्याच्या रुंदीपेक्षा जास्त असेल तर त्या कड्यावर ताकदीच्या खणांना अर्थ उरत नाही, मग ते दाखवता कशाला? आणि धक्क्याने मागे सरकलेल्या स्क्रीनमुळे मेलेले शत्रू जिवंत होत असतील तर ते आज मेमरीच्या नावावर खपणार नाही. १९८८ ची २ किलोबाइट आता कुणाच्याच वाट्याला नाहीत.

६-२ पुढे

सरावासाठी सेव्ह स्टेट, म्हणजे खेळ हव्या त्या क्षणी साठवून पुन्हा तिथूनच सुरू करायची सोय, वापरायला लाजू नका. खड्ड्याच्या पहिल्या रेघेआधी सेव्ह करा आणि तेवढाच तुकडा सलग जमेपर्यंत करा. अख्खी स्टेज पुन्हा पुन्हा खेळून अवघड जागेचा सराव फार थोडा होतो, बहुतेक वेळ सोप्या भागात जातो. तुकडा बसला की सेव्ह न वापरता सुरुवातीपासून खेळा, कारण तिथे किती ताकद आणि कुठलं हत्यार घेऊन पोचता यावरही बरंच ठरतं. २०१९ च्या 'कॅसलव्हेनिया' संग्रहातही सेव्ह करायची सोय आहे.

'निंजा गायडन' मध्ये सहाव्या अंकातल्या बॉसकडून हरलात तर गेम थेट ६-१ वर पाठवतो. ही शिक्षा मला आजही अवाजवी वाटते. पण तिच्यामुळे एक गोष्ट पक्की होते: ६-२ चे खड्डे एकदा कसेबसे पार करून भागत नाही, ते दर वेळी जमायला हवेत. म्हणून बॉसची तयारी सुरू करायच्या आधी ६-१ पासून बॉसच्या दारापर्यंतच्या सगळ्या रेघा कागदावर लिहून काढा, कुठल्या खांबाशी कोण येतो आणि तिथे उभ्याने वार की बसून, एवढंच. तो कागद कंट्रोलरशेजारी ठेवा आणि ज्या रेघेवर मार लागला तिच्यापुढे खूण करत जा. दोन-चार बैठकांनंतर खुणा कुठल्या दोन-तीन रेघांपाशी जमल्या आहेत ते दिसेल, आणि सराव फक्त तेवढ्याचाच करायचा.